घरी ११, हॉस्पिटलात २९: दाजींच्या घोरण्याचे दोन रिपोर्ट

माणूस एकच, रिपोर्ट दोन, मधे जेमतेम महिनाभराचं अंतर. दोन्ही टेस्ट स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास मधेच बंद पडण्याच्या आजाराच्या. घरी बेल्ट बांधून केलेल्या टेस्टमध्ये एएचआय (श्वास किती वेळा अडतो त्याचा आकडा) ११ आला म्हणजे 'माइल्ड', आणि हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये रात्रभर झोपवून केलेल्या टेस्टमध्ये आला २९, म्हणजे 'सिव्हिअर'च्या अगदी उंबऱ्यावर. त्यात कहर म्हणजे हॉस्पिटलातल्या त्या रात्री माणूस घरच्यापेक्षा कमी घोरला. घरच्यांनी विचारलं की मग खरं कुठलं धरायचं, आणि प्रश्न रास्तच होता.

तो माणूस म्हणजे माझे दाजी. वय ५१, मंचरला राहतात, स्वतःची बस आहे, ती चाकणच्या कंपन्यांना स्टाफ ने-आण करायला लावलेली. मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीचा टेक्निशियन आहे, त्यामुळे नुसता पीडीएफ नाही तर दोन्ही रात्रींचा कच्चा डेटा बसून बघायला मिळाला, जो सहसा पेशंटला कोणी दाखवत नाही. दाजींना विचारूनच लिहितोय, नाव तेवढं घालू नको म्हणालेत.

आधी हा आकडा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एएचआय म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास सरासरी किती वेळा बंद पडला किंवा अर्धवट अडला. प्रत्येक वेळ निदान १० सेकंदांची हवी, त्याच्या आतलं मोजत नाहीत. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ माइल्ड, १५ ते ३० मॉडरेट, ३० च्या वर सिव्हिअर. आता यात घोरण्याचा आवाज कुठे आला? कुठेच नाही. घोरणं हे लक्षण, मोजतात तो श्वास. लॅबमध्येसुद्धा घोरण्याचा मायक्रोफोन ही ऐच्छिक गोष्ट आहे, तो नसला तरी रिपोर्ट पूर्ण होतो. लोक येतात घोरण्याची तक्रार घेऊन आणि रिपोर्टमध्ये घोरण्यावर दीड ओळ असते, मग त्यांना वाटतं पैसे पाण्यात गेले.

दाजींचं घोरणं हा गावात चेष्टेचा विषय. लग्नाकार्यात कार्यालयात झोपायची वेळ आली की पाव्हणे त्यांच्या खोलीत गादी टाकत नाहीत. तायडीने वीस वर्षं सहन केलं, कारण आपल्याकडे घोरणारा म्हणजे शांत झोपलाय, कष्टाचं शरीर आहे, असंच धरतात. तिला भीती वाटायला लागली ती आवाजाने नाही, आवाज बंद व्हायला लागल्यावर. घोरणं चढत चढत जायचं, मग एकदम सगळं गप्प, आणि मग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा मोठा हिसका देऊन परत चालू. ती म्हणे, त्या गप्प वेळात मी मनात अंक मोजत बसते. तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हाच माझ्या डोक्यात निम्मं निदान झालं होतं, कारण शेजारी झोपणाऱ्या माणसाने सांगितलेली अशी हकीकत ही आमच्या लाइनमध्ये खूप वजनदार गोष्ट धरतात.

भाच्याने मात्र तोवर मोबाईलवर घोरणं मोजायचं ॲप टाकलं होतं. फोन उशीपासून वीतभर लांब, रात्रभर रेकॉर्डिंग, सकाळी एक स्कोअर आणि हिरवा-लाल पट्टा. त्यात एक गोष्ट अशी दिसली की मला ती स्क्रीनशॉट काढून ठेवावीशी वाटली. ज्या रात्री तायडी घाबरून दोनदा उठून बसली होती, त्या रात्रीचा ॲपचा स्कोअर महिन्यातला सगळ्यात चांगला. का? कारण ॲप मोजतं आवाज किती वेळ होता ते. श्वासच बंद असताना आवाज येणार कुठून? श्वास जितका जास्त वेळा थांबेल तितकी शांतता जास्त, आणि शांतता जास्त म्हणजे ॲपच्या हिशोबाने रात्र छान गेली. शिवाय त्याला पंख्याची घरघर, बाहेर गेलेला ट्रक, कुत्रं आणि खुद्द तायडीचं घोरणं (हो, तीही घोरते, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे, घरात हे अजून मान्य झालेलं नाही) यातला फरक धड कळत नाही. ॲप टाकूच नका असं मी म्हणत नाही. त्याच्या स्कोअरकडे बघू नका, ऑडिओ ऐका, आवाज मधेच तुटतोय का तेवढं बघा.

ॲपपेक्षा कामाला आला तो तायडीने काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. मी तिला सांगितलं होतं की चादर बाजूला कर, नाइट लॅम्प लाव आणि तोंडाचा नको, छाती-पोटाचा व्हिडिओ काढ. त्यात दिसतं की आवाज बंद आहे पण पोट आणि छाती चालूच आहेत, आणि तीही उलटसुलट, छाती आत जातेय तेव्हा पोट बाहेर. म्हणजे मेंदू श्वास घ्यायला सांगतोय, शरीर जोर लावतंय आणि घशात रस्ता बंद आहे. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणतात. छाती-पोटही थांबलेलं असतं तर प्रकरण वेगळं झालं असतं, त्यात मेंदूकडून सिग्नलच येत नाही. अर्थात व्हिडिओवरून निदान करायचं नसतं, पण डॉक्टरांनी तो दोनदा बघितला.

मग प्रश्नावल्या. स्टॉप-बँग नावाची एक आहे, टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये आणलेली, आठ हो-नाहीचे प्रश्न. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय, वय, मानेचा घेर, पुरुष आहात का. दाजी आठपैकी सहा. बीपीची गोळी चालू आहे, मान ४२ सेंटीमीटर, पन्नाशी पार. पाच किंवा जास्त आले की जोखीम मोठी धरतात. 'दिवसा थकवा' याला त्यांनी नाही म्हटलं. दुसरी एपवर्थची, ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली, कुठल्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती ते विचारते, २४ पैकी मार्क, १० च्या वर गेलं की जादा झोपाळूपणा. दाजींनी स्वतः भरली तेव्हा ६. तायडीने त्यांच्या वतीने भरली तेव्हा १४.

यात दाजी खोटारडे ठरत नाहीत. 'गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली असताना डुलकी लागते का' या प्रश्नाला ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे असा कुठला ड्रायव्हर हो म्हणेल? आणि त्या यादीत 'बसून वाचताना' असाही प्रश्न आहे, दाजी बसून वाचतात कधी तर लग्नपत्रिका. आमच्याकडे ड्रायव्हर पेशंट आला की मी तो कागद बायकोकडे देतो, सरळ.

तर घरच्या टेस्टचं. गावाजवळच्या डॉक्टरांनीच ती सुचवली आणि मला विचाराल तर बरोबर सुचवली, इतकी लक्षणं असलेल्या आणि हृदय, फुप्फुस, पक्षाघात वगैरे काही नसलेल्या माणसाला आधी घरची टेस्ट करणं हे अमेरिकेच्या स्लीप मेडिसिन अकॅडमीच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये बसतं, आपल्याकडच्या २०१४ च्या इनोसा (याच आजारासाठीचा भारतीय डॉक्टरांचा उपक्रम) गाइडलाइन्सचा सूरही साधारण तोच. खर्च लॅबच्या निम्म्याच्या आसपास आणि माणूस आपल्याच अंथरुणात. एजन्सीचा पोरगा संध्याकाळी येऊन छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, छातीवर आडवी छोटी डबी, बोटाला ऑक्सिमीटर (कोविडमध्ये घरोघरी होता तोच भाऊबंद, फक्त हा रात्रभर नोंद ठेवतो) आणि नाकात कॅन्युला म्हणजे दोन बारीक टोकांची नळी असं सगळं समजावून गेला. रात्री दहाला मशीन चालू, पहाटे साडेतीनला बंद, कारण दाजी साडेतीनला उठतात, पाचच्या आत बस काढायची असते. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ: ११, माइल्ड, वजन कमी करा, कुशीवर झोपा. दाजी खूश. 'पाव्हणं, फुकाट घाबरवलं तुम्ही.'

मी एजन्सीकडून मूळ फाइल मागवली, त्यांनी दिली. उघडल्यावर पहिल्यांदा दिसला तो कॅन्युलाचा सिग्नल, शेवटची ५० मिनिटं सपाट रेघ. म्हणजे नळी नाकातून निघून गेली होती. दाजींच्या मिशा गावात प्रसिद्ध, त्यावर चिकटपट्टी बसत नाही, घामाने गालावरचीही सुटली असणार. या मशीनमध्ये घोरणंसुद्धा त्याच नळीतल्या हवेच्या थरथरीवरून काढतात, त्यामुळे रिपोर्टप्रमाणे दाजी पहाटे दोन चाळीसनंतर अजिबात घोरले नाहीत! आणि सुरुवातीचा तास? डबीतला हालचालीचा सेन्सर सांगतो की माणूस कुशी बदलतोय, उठून बसतोय. तायडीला विचारलं तर म्हणे अकरापर्यंत ते पट्टे ओढत बसले होते आणि मधे एकदा खाली जाऊन गेट लावून आले.

आता गणित बघा. मशीनने पकडल्या ६१ घटना. भागिले साडेपाच तास, आले ११. पण या टेस्टमध्ये डोक्याला वायरी नसतात, माणूस झोपला कधी आणि जागा कधी हे मशीनला कळतच नाही, ते सरळ रेकॉर्डिंगच्या एकूण वेळेने भागतं, आणि जागा माणूस काही श्वास थांबवत नाही. जागेपणाचा तास आणि नळी निघालेली ५० मिनिटं असे ११० मिनिटं काढून टाकली तर उरतात ३ तास ४० मिनिटं. ६१ भागिले ते, साडेसोळा. घटना त्याच, नुसता भाजक बरोबर केल्यावर माइल्डचं मॉडरेट झालं. आणि ज्या गाइडलाइनचं वर म्हटलं तीच सांगते की घरच्या टेस्टमध्ये हवेचा आणि ऑक्सिजनचा निदान ४ तासांचा चांगला डेटा हवा, नाहीतर टेस्ट अपुरी धरा. म्हणजे ही टेस्ट मुळात पासच झाली नव्हती. मशीनचा आपोआप बनलेला रिपोर्ट कोणी हाताने तपासला असता तर हे तिथल्या तिथे दिसलं असतं, ट्रेसवर नजर टाकायला दहा मिनिटं लागतात. घरच्या टेस्टबद्दल माझी खरी तक्रार मशीनवर नाहीच, न तपासता पुढे ढकललेल्या पीडीएफवर आहे.

दुसरी एक गळती आहे ती हाताने तपासूनही भरत नाही. श्वास अर्धवट अडला तर ती घटना मोजायची कधी, तर ऑक्सिजन ३ टक्के खाली आला तर, किंवा मेंदू क्षणभर जागा झाला तर. हे क्षणभर जागं होणं ईईजीवर (डोक्याला वायरी लावून घेतलेल्या मेंदूच्या आलेखावर) दिसतं, माणसाला सकाळी आठवत नाही. घरच्या मशीनला ईईजी नाही, मग ज्या घटनांत ऑक्सिजन फार पडला नाही पण झोप तुटली त्या सगळ्या हिशोबाबाहेर. दिवसा डुलक्या येण्यात तर या तुटलेल्या झोपेचाच मोठा हात असतो.

दाजी लॅबला यायला तयार नव्हते. शेवटी तायडीने बसमधल्या चाळीस पोरापोरींचा विषय काढला तेव्हा गप्प बसले आणि शनिवारी रात्री आले, रविवारी गाडीला सुट्टी असते म्हणून. फोनवर सांगूनही डोक्याला तेल लावून आले. हे आमच्याकडे रोजचं आहे, तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाही, मग आधी डोकं धुवून घ्यायचं. बोटाला गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली तर तेही बघावं लागतं, दाजींना तो प्रश्न नव्हता. नंतर टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा, त्वचा जराशी घासायची, पांढरी पेस्ट, वर गॉझचा तुकडा. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला तीन, दोन्ही नडगीला, छातीवर ईसीजी, गळ्याशी घोरण्याचा सेन्सर, दोन पट्टे, नाकात कॅन्युला आणि त्याच्याजवळ उष्णता ओळखणारा सेन्सर, बोटाला ऑक्सिमीटर, भिंतीवर इन्फ्रारेड कॅमेरा. पाऊण तास गेला. मिशांमुळे कॅन्युला मी कानामागून घेऊन गालावर दोन ठिकाणी पक्की केली, आणि फरक इथेच आहे की इथे ती सुटली असती तर बाहेर स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला दिसली असती आणि तो आत जाऊन परत लावून आला असता. दाजी म्हणाले, आता मला चंद्रावर सोडणार का.

नात्यातला पेशंट म्हणून स्कोअरिंग, म्हणजे घटना ओळखून मोजायचं काम, मी केलं नाही, दुसऱ्या सहकाऱ्याने केलं. दर ३० सेकंदांचं एक पान, रात्रभराची शेकडो पानं, एकेक करून बघायची.

निकाल असा. सहा तास झोप, १७४ घटना, एएचआय २९. सगळ्यात खाली ऑक्सिजन ७९, घरी ८४ होता. आणि घोरणं मात्र कमी. छताला टांगलेल्या माइकवर सर्वात मोठा आवाज ७२ डेसिबल, भाच्याच्या ॲपमध्ये ८४. तायडीला हे पटेना, म्हणजे हॉस्पिटलात गेल्यावर घोरणं कमी झालं पण आजार वाढला?

आवाजाचं कोडं आधी सोडवू, ते सोपं आहे. फोन तोंडापासून ३० सेंटीमीटरवर होता, आमचा माइक साधारण १२० वर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, इथे अंतर चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे १२. ८४ वजा १२, ७२. संपला विषय. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो त्यामुळे हिशोब इतका तंतोतंत बसायला नको, आणि फोनच्या माइकला कोणी कॅलिब्रेट केलेलं नसतं, वर फोन स्वतःच आवाज कमीजास्त करत असतो, तेव्हा इतकं चपखल जुळणं हा थोडा योगायोगच. पण मुद्दा कळला असेल, अंतर न सांगता घोरण्याचे डेसिबल सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. गिनेसमध्ये स्वीडनच्या एका गृहस्थांच्या घोरण्याची नोंद आहे, ९३ डेसिबल, १९९३ साली ओरेब्रोच्या हॉस्पिटलात मोजलेली, आणि त्या माणसालाही श्वास थांबण्याचाच आजार होता. ते वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की माइक किती लांब होता. टेक्निशियनची खोड, दुसरं काय.

शिवाय लॅबमध्ये आवाज खरंच काही काळ कमी होता कारण मधे मधे शांतता जास्त होती. तेच ॲपवालं प्रकरण.

आता खरा मामला, साडेसोळा आणि २९ मधल्या फरकाचा. इथे मी झोपेच्या पोझिशनचे दोन तक्ते शेजारी ठेवले. लॅबमध्ये दाजी सहा तासांपैकी २३० मिनिटं उताणे झोपले होते. साहजिक आहे, डोक्यातून वायरींची शेपटी निघालेली, बोटाला क्लिप, माणूस कुशीवर वळायला बिचकतो, आमचे निम्मे पेशंट रात्रभर पुतळ्यासारखे पडून असतात. घरी मात्र चांगल्या डेटाच्या २२० मिनिटांपैकी उताणे फक्त ७७ मिनिटं. आणि उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे घशावर येतो, खूप पेशंटमध्ये उताण्या अवस्थेतला आकडा कुशीवरच्या दुपटीहून जास्त असतो. दाजींचं तर चौपट. घरी उताणे असताना तासाला ३३, कुशीवर ८. लॅबमध्ये उताणे ४०, कुशीवर १०.

हे चार आकडे परत एकदा वाचा. ३३ आणि ४०, ८ आणि १०. दोन्ही मशीन जवळजवळ एकच गोष्ट सांगत होत्या. एकूण आकडा वेगळा आला कारण माणूस वेगवेगळ्या पद्धतीने झोपला. घरचेच दर लॅबमधल्या पोझिशनला लावून बघितले तर आकडा येतो २४. वरचे पाच ईईजीवर पकडलेल्या तुटलेल्या झोपेचे आणि पहाटेच्या रेमचे (म्हणजे स्वप्नांच्या झोपेचे, त्याचं पुढे सांगतो). उलट लॅबचे दर घरच्या पोझिशनला लावले तर २०. म्हणजे मला विचाराल तर दाजींची घरातली साधारण रात्र ही विसाच्या आसपासची, ११ ही नाही आणि २९ ही नाही. हॉस्पिटलची टेस्ट ही कसोटी धरतात ते ठीकच आहे, पण तीही एकाच रात्रीची, परक्या खोलीतली आणि वायरींनी उताणी पाडलेली असते हे लॅबवाले मोठ्याने सांगत नाहीत. नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडते हे तर १९६६ पासून लिहून ठेवलेलं आहे. दाजींच्या बाबतीत तेवढा तो त्रास झाला नाही, दिवे घालवल्यावर सहा मिनिटांत झोपले. डॉक्टरांना हे चांगलं लक्षण वाटलं नाही, अनोळखी पलंगावर डोक्याला वायरी लावून सहा मिनिटांत झोपणारा माणूस म्हणजे झोपेची उधारी साचलेला माणूस.

रेमचं थोडं सांगतो. स्वप्नं जास्त पडतात ती झोप, डोळे पापणीआड भिरभिरतात, शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ती ओळखली. त्यात अंगाचे स्नायू ढिले पडतात, घशाचेही, म्हणून श्वास जास्त आणि लांब अडतो. आणि ती रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त येते. घरी दाजी साडेतीनला उठले, त्यात शेवटची ५० मिनिटं नळी बाहेर, म्हणजे जो भाग बघायला हवा होता नेमका तोच हातातून गेला. लॅबमध्ये त्यांना साडेपाचपर्यंत झोपू दिलं, ७० मिनिटं रेम मिळाली, त्यात तासाला ४५ घटना, आणि ते ७९ ऑक्सिजन तिथलंच.

भाच्याने विचारलं, मामा, घड्याळावर नाही का कळणार? त्याच्या हातातला पट्टा रोज सकाळी ऑक्सिजन ९७ दाखवतो. असे बरेच पट्टे मधून मधून कधीतरी एखादा नमुना घेतात, अर्ध्या मिनिटाची घसरण त्यात सापडली तर सापडली. मोठ्या कंपन्यांचं जरा पुढे गेलंय, सॅमसंग आणि ॲपल दोघांच्याही घड्याळांना २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या कामासाठी मान्यता दिली, पण ती 'तुम्हाला असू शकतं, डॉक्टरकडे जा' एवढं सांगण्यापुरती, निदानासाठी नाही. घड्याळ काही बोललं नाही म्हणजे आजार नाही, असं त्या कंपन्याही म्हणत नाहीत.

घरच्या टेस्टचा नियम मी ओळखीच्यांना असाच सांगतो. ती 'आहे' म्हणाली तर विश्वास ठेवा आणि उपचाराला लागा, लॅबचा खर्च वाचला. ती 'नाही' किंवा 'थोडंसंच' म्हणाली आणि लक्षणं मात्र ढळढळीत आहेत, तर विश्वास ठेवू नका, लॅबला जा. तिच्या चुका जवळजवळ सगळ्या एकाच बाजूच्या असतात, आकडा कमी दाखवायच्या. हार्ट फेल्युअर, पक्षाघात होऊन गेलेला, फुप्फुसाचा मोठा आजार, अफूवर्गीय वेदनाशामक चालू असणारे आणि लहान मुलं, यांनी घरच्या टेस्टच्या वाटेला जाऊच नये, थेट लॅब.

आमच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून मॉडरेट असं लिहिलं आणि पुढचं वाक्य त्याहून महत्त्वाचं लिहिलं, व्यवसाय वाहनचालक. हाच २० आकडा घरी बसणाऱ्या माणसाचा असता तर कदाचित आधी वजन, कुशीवर झोपणं, संध्याकाळची दारू बंद असं काही महिने बघितलं असतं. इथे नाही. उपचार बसेपर्यंत बस चालवायची नाही, बदली ड्रायव्हर ठेवा, असं तोंडावर सांगितलं. दाजींना आजारापेक्षा हे जास्त लागलं. बदली ड्रायव्हरचा पगार, डिझेल, हप्ता, सगळा हिशोब त्यांनी तिथेच केबिनमध्ये बोटांवर मांडला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि कागदावरचं काही बदललं नाही.

सीपॅप मशीन घेतलं, ऑटो, म्हणजे दाब स्वतःच कमीजास्त करणारं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा दाखवलेली युक्ती, नाकातून हलका दाब देऊन घशाचा रस्ता उघडा ठेवायचा. पहिल्या आठवड्यात मिशांमुळे मास्कच्या कडेने हवा गळायची, फुस्स आवाज, तायडी म्हणे याच्यापेक्षा घोरणं परवडलं. मास्कचा प्रकार बदलून नाकपुडीत बसणारा दिला तेव्हा गळती आटोक्यात आली, मिशा वाचल्या. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा जुना उपायही चालू आहे, उताणं होताच टोचतो.

आणि मजा अशी की आता घरीच रोज मोजणं चालू आहे. मशीनच्या कार्डात किती तास वापरलं, किती गळती झाली आणि दाब असतानाही उरलेल्या घटना तासाला किती, हे सगळं साठतं. तिसऱ्या आठवड्याची सरासरी ३.८. हा आकडाही नुसत्या हवेच्या प्रवाहावरून काढलेला, ईईजीशिवायचा, तेव्हा त्याला २९ च्या शेजारी ठेवून फरक काढत बसू नये, पण दिशा कळते. वापर रात्री सरासरी साडेचार तास आहे, आणि त्यात अडचण तीच जुनी: दाजी अडीचच्या सुमाराला मास्क काढून ठेवतात आणि तासभर तसेच झोपतात, म्हणजे रेमचा वेळ परत बिनमोजणीचा आणि बिनउपचाराचा. बस चालवायचं पत्र डॉक्टरांनी अजून दिलेलं नाही. अलार्म साडेतीनचा आहे तसाच ठेवून मास्क तोवर काढायचा नाही एवढं एकच काम या महिन्यात दिलंय, पुढच्या व्हिजिटला कार्ड घेऊन यायचं आहे.